लतीफ मोहिदीन : पागो-पागो आणि मेकाँग

कॅनव्हासच्या मधोमध उभा असलेला हा आकार आधी नीट पाहा. खाली फुगीर, वर निमुळता, टोकाशी शिंगासारखा. कळस म्हणावा तर त्याला पानं फुटलीत; झाड म्हणावं तर शिंपल्यासारखे थर. भोवती जाड, काळपट रेषा. मलेशियाचे चित्रकार-कवी लतीफ मोहिदीन यांची ही ‘पागो-पागो’ मालिका, १९६०च्या दशकातली.

जन्म १९४१चा, मलेशियाच्या नेगेरी सेम्बिलान राज्यातल्या लेंगेंगचा. शाळा सिंगापूरला. जर्मन शिष्यवृत्तीवर ते पश्चिम बर्लिनला कला शिकायला गेले. जर्मन अभिव्यक्तिवाद्यांची, म्हणजे हुबेहूब दृश्यापेक्षा मनातली भावना ठळकपणे रंगवणाऱ्या चित्रकारांची, ठसठशीत रेषा तिथे हाताला लागली. पण पागो-पागोचं बीज पडलं ते बर्लिनच्याच वस्तुसंग्रहालयात, आग्नेय आशियातल्या वस्तू पाहताना. स्वतःचा प्रदेश त्यांना परदेशात नव्याने दिसला. १९६४ला परतल्यावर थायलंड, लाओस, कंबोडिया, इंडोनेशिया अशी भटकंती झाली आणि आकार पक्के होत गेले.

या चित्रांना सरसकट अमूर्त म्हटलं, की निम्मं चित्र हातचं जातं. आधी मधला उभा कणा शोधा. मग बाहेरची रेषा कुठे दगडासारखी ताठ राहते आणि कुठे कोंबासारखी वळते, ते पाहा. हे शक्यतो मूळ चित्रासमोरच करावं. छापील प्रतीत गडद तपकिरी आणि काळा एकमेकांत मिसळतात, मग कणाच दिसेनासा होतो.

याच प्रवासांतून कविताही आली. ‘सुंगाई मेकाँग’, म्हणजे मेकाँग नदी, हा संग्रह १९७२चा. शीर्षककवितेत एकाकी कवी नदीला नावाने साद घालतो. पण शेवटी उत्तरेकडून वादळ येणार असतं, काठ फुटणार असतात, पाणी लाल होणार असतं. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालू होतं. ही कविता केवळ निसर्गकविता म्हणून वाचणं तिच्यावर अन्याय आहे.

१९६९ला पॅरिसमध्ये ते एचिंग, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून चित्र छापण्याचं तंत्र, शिकले. यात धातूच्या पत्र्यावर आम्लरोधक लेप देऊन सुईने रेघ ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात; लेप निघालेली रेघ आम्ल कोरतं. जास्त वेळ राहिला तर शेजारच्या रेघा एकमेकींत फुटतात.

१९८५पासूनच्या ‘गेलोम्बांग’ म्हणजे लाटा या मालिकेत ती बांधीव बाह्यरेषा उरली नाही. रंगाचे रुंद फटकारे कॅनव्हासभर धावतात. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकाचा मलय अनुवादही त्यांचाच. २०१८ला पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, पागो-पागोचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं.