मागेल त्याला काम

नमस्कार मिशिगनकर मंडळी. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि आत वडे तळायला घेतलेत, त्यामुळे वास आला की तुमचं लक्ष उडणार हे मी धरूनच चाललोय.

परवा आमच्याकडे जेवताना भांडण झालं. मेव्हणा म्हणाला, "अमेरिकेच्या संसदेतला खासदार श्री थानेदार आपला बेळगावचा माणूस, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. फुकट्यांना कामाला लावायचं बिल आलं, तर विरोधात मत कशाला दिलं?" आमची लेक हायस्कुलात आहे. ती म्हणाली, "मामा, आजीला अंघोळ घालायला येतात त्या बाईंचा पगार कोण देतं?"

मेडिकेड देतं, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. मेव्हण्याच्या सख्ख्या आईसाठी! मी खाली मान घालून वरणात लिंबू पिळत बसलो. आमच्या घरात मी अलिप्ततावादी राष्ट्र आहे.

ते बिल जुलै 2025 चं. हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, 218 विरुद्ध 214 असं पास झालं, डेमोक्रॅट एकजात विरोधात. एकीकडे करकपात, दुसरीकडे मेडिकेड आणि फूड स्टॅम्पला, म्हणजे गरिबांच्या अन्नासाठीच्या मदतीला, कात्री. शिवाय मेडिकेडवरच्या बऱ्याच धडधाकट प्रौढांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल. राज्यांना त्यासाठी 1 जानेवारी 2027 ची मुदत आहे. आजी वयामुळे सुटल्या. पण त्या बाई? त्या स्वतः मेडिकेडवर असल्या तर? आजी पंधरा दिवस हॉस्पिटलात गेल्या तर बाईंचे तास तिथेच बुडाले. आर्कान्सासने 2018 मध्ये असा नियम लावला, तेव्हा काही महिन्यांत सुमारे 18 हजार लोकांचं मेडिकेड गेलं. त्यात काम करणारेही होते, कागद मात्र वेळेवर पोचले नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ आठवणारी मंडळी इथे आहेत. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीत काम द्यायची जबाबदारी सरकारची होती. त्यासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. आमचे वडील पगाराची स्लिप बघून दर महिन्याला कुरकुरायचे, पण खडी फोडणाऱ्याला फुकट्या म्हणालेले मी ऐकले नाहीत.

आणि आपण? सरकारी कॉलेजात नाममात्र फी भरून शिकलो, ईबीसी सवलत घेतली, आणि इथे एप्रिलमध्ये टॅक्स भरायची वेळ आली की प्रत्येक जण अर्थमंत्री. थानेदारांचा मतदारसंघ डेट्रॉईटचा. आपण नोव्ही-ट्रॉयसारख्या सुखवस्तू उपनगरांतले, आपल्याला ते फोटोपुरते हवेत.

मेव्हण्याचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही: पैसा कुठून आणायचा? व्याजाचा खर्च 2024 मध्येच संरक्षणखर्चाच्या पुढे गेला. आता कात्री लावणाऱ्यांनी तरी वाचवलं म्हणावं, तर संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या (सीबीओच्या) हिशेबाने याच कायद्यामुळे दहा वर्षांत तूट 3.4 लाख कोटी डॉलरने वाढणार. पण नुसतं विरोधात मत देऊनही व्याज फिटत नाही.

ऑक्टोबर 2027 पासून, फूड स्टॅम्पच्या हिशेबात चुका जास्त करणाऱ्या राज्यांना त्या मदतीचा काही भाग स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागेल. मिशिगनवर ती पाळी आली, तर लान्सिंगला, राज्याच्या राजधानीत, बसलेले आमदार विचारतील: शाळांचे पैसे कापू की कर वाढवू? त्यांना काय सांगायचं, यावर आमच्या घरात तरी अजून एकमत नाही.