‘मूळ गाव’चा रकाना

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि समोर बसलेली मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘मायदेशी परतणारे अफगाण निर्वासित आणि शासकीय साहाय्य’. हा विषय वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्हाला खरंच कुतूहल आहे, नाहीतर उद्याच्या नाट्यसंगीतासाठी आजच जागा हेरून ठेवायची आहे. (हशा) दोन्ही कारणं मला चालतात.

मी अफगाणिस्तानात पाऊल ठेवलेलं नाही. महसूल खात्यात आयुष्य गेलं आणि त्यातला बराच काळ पुनर्वसनाच्या टेबलावर. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, मी पुनर्वसनाचे अहवाल वाचतो. पुण्यात शिकायला आलेली अफगाण मुलं ओळखीची झाली, त्यांच्याशी बोलताना ते अहवाल मला जिवंत वाटायला लागले. मला आज सांगायचंय ते एवढंच, की घरी परतणाऱ्या माणसाला सरकार सगळ्यात आधी विचारतं, ‘मूळ गाव कुठलं?’ आणि बहुतेकांचं गाडं तिथेच रुततं. हे मी सिद्ध करणार आहे. त्यासाठी तीन उपायही लिहून आणलेत, ते शेवटी सांगतो.

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या आणि पुढच्या दहा वर्षांत साठ लाखांच्या आसपास माणसं पाकिस्तान-इराणात गेली. काही परतली, यादवी पेटली तशी पुन्हा गेली, तालिबान आले तशी आणखी गेली. २००२ साली, काबूलमध्ये नवं सरकार आल्यावर, एका वर्षात अठरा लाखांच्या घरात लोक परत आले. ही येजा चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे. आता एका बाईंची गोष्ट सांगतो. थोडी लांबेल.

१९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत एका अमेरिकी छायाचित्रकाराने बारा-एक वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. हिरवे डोळे, विटकरी ओढणी. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर गेला. आपल्याकडे फूटपाथवर जुनी मासिकं विकणाऱ्यांकडेसुद्धा तो अंक असायचा, पुढच्या रांगेतल्या कित्येकांनी पाहिला असेल. जगाने तो फोटो भिंतीवर लावला, पण मुलीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. २००२ साली तिचा शोध लागला. नाव शरबत गुला. तोवर ती पाकिस्तानातून परत येऊन अफगाणिस्तानच्या नांगरहार प्रांतात, तोरा बोराच्या बाजूला डोंगरात राहत होती. लक्षात ठेवा, ती एकदा परतलेली होती.

ही तीच मुलगी कशावरून? केंब्रिजचे प्राध्यापक जॉन डॉगमन यांनी जुन्या-नव्या फोटोंतली बुबुळं संगणकावर ताडून पाहिली आणि हीच ती म्हणून सांगितलं. आणि त्याच २००२ साली, त्याच पेशावरजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने बुबुळ तपासायची यंत्रं बसवली. कारण? परतणाऱ्याला प्रवासखर्चाची रोकड मिळायची, शिवाय गहू, ताडपत्री, साबण असं काहीबाही. काही जण पैसे घेऊन सीमा ओलांडायचे, आडवाटेने परत यायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. (हशा) हसू नका, आपल्याकडे एका म्हशीचे तीन वेळा पंचनामे झालेले मी पाहिलेत. यंत्रात नाव साठवत नसत, नुसत्या बुबुळाचा ठसा. हा डोळा आधी येऊन गेलाय का, एवढंच यंत्र सांगायचं. बायकांच्या तपासणीला बायका होत्या, ते नीट केलं होतं. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पण तो डोळा पुढे कुठे गेला, त्याला छप्पर मिळालं का, पोरं शाळेत गेली का, हे विचारणारं काही पुढच्या रस्त्यावर नव्हतं.

तर शरबत गुला. यथावकाश ती पुन्हा पेशावरला आली. नवरा वारला, पोरांची जबाबदारी. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाकिस्तानने तिला अटक केली. गुन्हा काय, तर खोटं पाकिस्तानी ओळखपत्र. पंधरा दिवसांची कैद, दंड, आणि नोव्हेंबरमध्ये तोरखमच्या सीमेवरून रवानगी. काबूलला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी आणि त्यांच्या पत्नीने राजवाड्यात तिचं स्वागत केलं आणि २०१७ च्या अखेरीस सरकारने तिला काबूलमध्ये घर दिलं. किल्ली देतानाचे फोटो आहेत. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर इटलीने तिला नेलं.

आता आकडा ऐका. त्या २०१६ साली नुसत्या पाकिस्तानातून नोंदणी असलेले ३ लाख ७० हजारांहून अधिक अफगाण परतले. पाकिस्तानी पोलिसांचा जाच वाढला होता. निर्वासित संस्थेने माणशी रक्कम २०० डॉलरवरून ४०० केली होती. त्या सगळ्यांच्यात सरकारकडून घराची किल्ली मिळाल्याचं माझ्या वाचनात आलं ते एकीचंच, आणि ती मासिकाच्या मुखपृष्ठावर येऊन गेलेली होती. बाई नांगरहारच्या, घर मिळालं काबूलला. त्यांना कुणी ‘मूळ गाव कुठलं’ विचारलं नाही, आणि ते योग्यच झालं. बाकीच्यांना विचारलं.

म्हणजे कसं, ते सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीने १०४ क्रमांकाचा हुकूम निघाला. परतलेल्या भूमिहीन कुटुंबांना सरकारी जमिनीवर घरासाठी भूखंड द्यायचा. उत्तम कल्पना. पण अर्ज कुठे करायचा? आपल्या मूळ प्रांतात. हातात काय हवं? परतल्याचा कागद आणि तझकिरा, म्हणजे तिथलं राष्ट्रीय ओळखपत्र. आता जुन्या पद्धतीचा कागदी तझकिरा कसा मिळायचा? बापाची, आजाची नोंद ज्या जिल्ह्यात असेल तिथून. ज्याचा जन्म पेशावरच्या विटांच्या भट्टीवर झाला, ज्याला उर्दू वाचता येतं आणि पश्तू नुसतं बोलता येतं, ज्याच्या आजाचं गाव बाँबखाली गेलं, त्याने त्या गावचा माणूस म्हणून साक्षीदार आणायचे.

मला हे इतकं झोंबतं, कारण माझ्या घरी हे घडलंय. माझ्या बदल्यांमुळे मुलीचा जन्म एका जिल्ह्यात, शाळा दुसऱ्या, कॉलेज तिसऱ्या. ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आमचं घराणं जिथे राहत होतं तिथून. वडील नोकरीसाठी १९६९ साली गावाबाहेर पडले. दोन-तीन वर्षं आधी पडले असते तर आमचं ‘मूळ गाव’ वेगळंच निघालं असतं! आता त्या गावात आमचं उरलंय काय, तर पडक्या घराचं जोतं, आणि त्यावर शेजाऱ्याची म्हैस बांधलेली. आज म्हशी फार येताहेत. (हशा) आजोबांच्या नोंदीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढली, ती मोडी लिपीत. मोडी वाचणारा शोधला. त्याने वाचलं, तर आजोबांच्या नावात एक काना जास्त. कार्यालयातला लिपिक मला ‘साहेब’ म्हणून चहा पाजत होता आणि तोच अर्ज परत करत होता. ते कार्यालय कुठलं, ते सांगत नाही, त्याच खात्याची पेन्शन खातोय. पण मी तालुक्याची भाषा जाणणारा, कायदा पाठ असलेला माणूस, एस.टी.ने संध्याकाळी घरी जाणारा. माझी ही गत. मग ज्याला ट्रकवर चूलबोळकी आणि चार पोरं घेऊन, जास्तीत जास्त पन्नास हजार पाकिस्तानी रुपये बाळगून देश सोडायला लावला, त्याचं काय?

ही पन्नास हजारांची मर्यादा २०२३ ची. त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाकिस्तानने जाहीर केलं, कागद नसलेल्यांनी १ नोव्हेंबरपर्यंत निघून जावं. त्याच ऑक्टोबरात अफगाणिस्तानात हेरातला भूकंप होऊन गावंच्या गावं झोपली होती. एका बाजूला सीमेवर रांगा, दुसऱ्या बाजूला

(चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ अहो, मी आत्ता कुठे विषयावर आलोय. बरं.)

भरभर सांगतो. जमिनीचं उदाहरण एकच देतो. काबूलच्या उत्तरेला बारिकाब नावाच्या माळावर ऑस्ट्रेलियाच्या पैशातून ‘अ‍ॅलिसघान’ ही वसाहत उभी राहिली. हजारभर पक्की घरं. पण पाणी नाही आणि आसपास कामही नाही. कामासाठी काबूलला जायचं तर रोजंदारी भाड्यातच संपायची. कितीतरी घरं रिकामी राहिली. पुनर्वसनात काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, आधी पाणी, मग भिंती. आणि परतलेला माणूस जातो कुठे? काबूल, जलालाबाद, हेरात, कंदाहार. मजुरी तिथे मिळते. सरकार त्याला आज्याच्या गावात शोधतं आणि तो असतो शहराच्या कडेला, भाड्याच्या खोलीत.

आताच्या राजवटीबद्दल. तालिबान सरकारने २०२३ मध्ये परतणाऱ्यांसाठी उपपंतप्रधान अब्दुल सलाम हनफी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तोरखमजवळ ओमारी छावणी उभी केली, नोंदणी, दवाखाना, गावी जायला वाहनं, थोडी रोकड, मोबाइलचं सिमकार्डसुद्धा. मला ही राजवट आवडत नाही, पण सीमेवरचं हे काम त्यांनी पहिल्या काही आठवड्यांत उभं केलं, हे एक पुनर्वसनवाला म्हणून मान्य करतो. अडचण सीमेपासून पुढे सुरू होते, आणि लोंढा तर वाढतच गेला. २०२५ मध्ये इराणने ६ जुलैची मुदत दिली, इराण सीमेवरच्या इस्लाम कलाच्या नाक्यावर त्या दिवसांत रोज हजारोंनी माणसं उतरत होती. पाकिस्तान आणि इराण मिळून त्या वर्षात २५ लाखांहून अधिक. आणि त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदत आखडली. त्यामुळे ‘शासकीय साहाय्य’ हे शब्द मी जपून वापरतो, त्यातला मोठा पैसा कायम बाहेरचाच होता.

(हो, पाहिली चिठ्ठी.)

उपाय. पहिला, ओळखपत्र सीमेवरच द्या. आता इलेक्ट्रॉनिक तझकिरा आहे, पण तिथेही घराण्यातल्या पुरुष नातलगाची नोंद लागते. त्याऐवजी पाकिस्तानात २००६-०७ पासून दिलेली नोंदणीपत्रं आहेत, निर्वासित संस्थेची नोंद आहे, सोबत परतलेल्या शेजाऱ्यांची साक्ष आहे. हे पुरावे ग्राह्य धरा. चाळीस वर्षं एका छावणीत राहिलेली माणसं एकमेकांना चांगली ओळखतात.

दुसरा, पैसा एकदम सीमेवर देऊ नका. अर्धा तिथे द्या, अर्धा चार-सहा महिन्यांनी, कुटुंब प्रत्यक्ष जिथे टिकलं तिथे. म्हणजे ते कुठे आहे हे तरी कळेल, आणि भूखंड त्याच गावाच्या हद्दीत शोधता येईल. यावर मी सविस्तर बोलणार होतो. राहिलं.

तिसरा आणि सगळ्यात अवघड. परतणाऱ्यांत निम्म्या बायका-मुली आहेत. डिसेंबर २०२१ पासून बाईने ७२ किलोमीटरपलीकडे जायचं तर सोबत नात्यातला पुरुष हवा. आता विधवा बाई, नोंद सासऱ्याच्या प्रांतात, प्रांत दोनशे किलोमीटरवर. कशी जाणार? सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांना कार्यालयांत जायला अटकाव झाला, तेव्हा निर्वासित संस्थेला रोकड वाटपाची केंद्रंच काही काळ बंद ठेवावी लागली. बायकांची विचारपूस करायला बाईच नसेल तर केंद्र चालवायचं कसं? २००२ साली बुबुळ तपासायलासुद्धा बाई होती. म्हणून पैसे देणाऱ्या देशांनी बाकी शंभर अटी घालण्यापेक्षा ही एक घालावी, की नोंदणीच्या टेबलावर बाई असेल आणि विधवेचा अर्ज ती जिथे राहते तिथेच घेतला जाईल.

अध्यक्ष उभे राहिले, त्यामुळे थांबतो. भारताने या सगळ्यात काय केलं, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे. विचारा, पण लेखी द्या आणि कृपया मोडीत नको.