‘क्रिएट’चं बटण शेवटी

डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे होस्टिंग सर्व्हर सांभाळायच्या पॅनेलमध्ये, क्लायंटचं नवं अकाउंट उघडायला मिनिटभर लागतं. डोमेन, युजरनेम, पासवर्ड, ईमेल आणि पॅकेज भरलं, बटण दाबलं, की सर्व्हर होम फोल्डर तयार करतो, अपाचीला (साइट दाखवणाऱ्या वेब सर्व्हरला) डोमेन कळवतो, डीएनएस झोन (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे, त्याच्या नोंदी) लिहितो आणि मोकळा होतो. हे तुम्हाला शिकवायला मी आलेलो नाही. बटण दाबण्याआधी क्लायंटला काय विचारायचं, ते सांगायला आलोय.

पहिला प्रश्न: तुमची मेल कुठे येते? बहुतेक जण म्हणतात, “जीमेलवर.” या उत्तराला काहीच अर्थ नाही. फुकटचं जीमेल, स्वतःच्या डोमेनवरचं गूगल वर्कस्पेस, की जुन्या होस्टवरून जीमेलकडे वळवलेली मेल? तिन्हींना लोक जीमेलच म्हणतात. त्यापेक्षा व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता वाचून दाखवायला सांगा.

याचा एवढा बाऊ का? समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याची मेल गूगल वर्कस्पेसवर आहे. तुम्ही त्याचं अकाउंट उघडलं, पण नेमसर्व्हर, म्हणजे त्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, अजून जुनेच आहेत. जगभरची मेल गूगलकडे व्यवस्थित चाललीय. पण त्याच्या सीएची साइट आणि मेल तुमच्याच सर्व्हरवर आहे. सीएने जीएसटीचे कागद पाठवले, की सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्रॅम एक्झिम आधी स्वतःच्या लोकल डोमेनांची यादी बघतो. त्यात हे डोमेन सापडतं, कारण ते तुम्हीच आत्ता तिथे आणून ठेवलंय. मग बाहेरच्या डीएनएसला विचारतो कोण! पत्र गूगलकडे जातच नाही. नशीब चांगलं असेल तर सीएला बाउन्स येतो. नसेल, आणि डिफॉल्ट अ‍ॅड्रेस (सर्व्हरवर नसलेल्या पत्त्यांची मेल जिथे जाते तो) मुख्य खात्याकडे वळवलेला असेल, तर कुणी कधी न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये पत्रं साचत राहतात. बाकी सगळ्यांची मेल पोचत असल्यामुळे तुमच्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचतही नाही.

ईमेल राउटिंगच्या (मेल इथेच ठेवायची की बाहेर पाठवायची, त्या सेटिंगच्या) ‘ऑटोमॅटिक’ पर्यायावर विसंबू नका. तो झोनमधला एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी, ती नोंद) बघून ठरवतो, आणि नव्या झोनमधला एमएक्स टेम्प्लेटने तुमच्याच सर्व्हरकडे वळवलेला असतो. ईमेल राउटिंग स्वतः ‘रिमोट’ करा आणि झोनमध्ये गूगलचा एमएक्स लिहा. जुन्या झोनमधले एसपीएफ आणि डीकेआयएमही (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी) उतरवून घ्या. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला या दोहोंपैकी किमान एक लागतंच. दिवसाला ५,००० पत्रांच्या वर गेलात तर दोन्ही, आणि सोबत डीमार्क (त्या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ती नोंद).

युजरनेमचं थोडक्यात. कमाल १६ अक्षरं, आकड्याने सुरुवात नाही, ‘टेस्ट’नेही नाही. नंतर बदलता येतं, पण होम फोल्डरचा पाथ बदलतो आणि कुणीतरी कोडमध्ये पूर्ण पाथ लिहून ठेवलेला असतोच. शेल (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) बंद ठेवा, मागितला तर कशाला ते विचारा.

साइट हलवायची असेल तर जुन्या डीएनएसवरचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची, तो आकडा) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. सीपॅनेलमध्ये, म्हणजे क्लायंटच्या पॅनेलमध्ये, तो सहसा १४,४०० असतो, म्हणजे चार तास. नव्या सर्व्हरवरची साइट आधी बघायची तर आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (संगणक डीएनएसच्या आधी तीच बघतो) आयपी टाका, आणि काम झालं की ती ओळ काढा. ती तशीच राहिली की पुढे कधी सर्व्हर बदलला, तरी तुमच्या एकट्याच्या संगणकावर जुनीच साइट दिसते.

एक चिठ्ठी आलीय: “क्लायंट रजिस्ट्रारचा (जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीचा) पासवर्ड द्यायला तयार नाही, काय करावं?” उत्तम क्लायंट आहे. मागूच नका. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच लॉगिनमध्ये राहू दे. कोणता ए रेकॉर्ड (साइटचा आयपी सांगणारी नोंद) बदलायचा, तेवढं नेमकं लिहून द्या. एमएक्सला हात लावू नका, हेही त्याच कागदावर ठळक लिहा.