रोडगे खायचे तर पौषात निघा

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भात पाहुणा येतो तेव्हा त्याचा बेत ठरलेला असतो. ताडोबा, शेगाव, सेवाग्राम, लोणार, जमलं तर चिखलदरा. जेवायचं काय, ते वाटेत भूक लागेल तिथे ठरतं. मग ढाब्यावर तेच पनीर, तीच तंदुरी रोटी. परत गेल्यावर तो सांगतो, विदर्भात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, खाण्याचं मात्र विशेष नाही, नुसतं तिखट. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. म्हणून आज मी तुम्हाला प्रवास उलट्या बाजूने आखायला सांगणार आहे. आधी पदार्थ ठरवा, मग महिना, मग गाव. रस्ता, गाडी, मुक्काम, हे सगळं त्यानंतर.

पदार्थ मी ठरवून टाकला आहे. रोडगे.

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवावर आणि राखेत भाजलेले कणकेचे गोळे. ते हॉटेलात नीट मिळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. रोडग्याला गॅसची शेगडी चालत नाही, त्याला जगरं, म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव लागतो. जगऱ्याला मोकळी जागा लागते, आणि धूर निघून जाईपर्यंत वाट पाहणारी माणसं लागतात. ऑर्डर दिली आणि वीस मिनिटांत ताट आलं, असं इथे होत नाही. सकाळी दहाला तयारी सुरू केली तर जेवायला दुपारचे दोन वाजतात, आणि ते चार तास म्हणजेच निम्मा कार्यक्रम असतो.

कणीक रवाळ हवी. गावातल्या चक्कीवाल्याला ‘रोडग्यांसाठी’ एवढंच सांगितलं की तो जाडसर दळून देतो. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं सढळ मोहन घालून ती घट्ट भिजवायची. मग छोट्या छोट्या पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावायचं आणि एकीभोवती दुसरी गुंडाळत गोळा वळायचा. हे पदर नीट जमले तरच रोडगा आतून खुसखुशीत सुटतो. नुसता कणकेचा गोळा भाजला तर तो आत गिच्च राहतो. काही घरी चपटे पानगे करतात आणि पळसाच्या पानांत घालून भाजतात. त्यांना पानाचा वास लागतो. तेही चांगले लागतात, पण मला विचाराल तर मान रोडग्यांचा.

तिकडे जगरं पेटलेलं असतं. गोवऱ्या नीट रचायच्या, पेटवायच्या आणि ज्वाळा, धूर दोन्ही निघून जाऊ द्यायचे. घाईने धुरातच रोडगे टाकले तर तो कडवट वास शेवटपर्यंत जात नाही. लालभडक आर उरला की रोडगे त्यावर मांडायचे आणि सगळ्या बाजूंनी फिरवत राहायचं. वरचं कवच टणक झालं, कुठे कुठे तडकलं, की त्याच गरम राखेत ते पुरून ठेवायचे. खरं भाजणं राखेतच होतं. हे काम बहुतेक ठिकाणी पुरुष मंडळी करतात. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा माणूस तिथे हातात काठी घेऊन तासभर उकिडवा बसतो आणि दुसऱ्याला जगऱ्याला हात लावू देत नाही.

भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, शेजारच्या चुलीवर असतो. वांगी हिवाळ्यातली, कोवळी, बी न धरलेली. खोबरं, तीळ, धणे भाजून वाटलेला मसाला, वर तेलाचा तवंग आणि उतरवताना मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत तुरीचं साधं वरण. रोडगे राखेतून काढले की गोणपाटात घालून झटकायचे, हाताने फोडायचे, ताटात चुरायचे आणि त्यावर तूप ओतायचं. इथे तुपाचा हात आखडता घेऊ नये. कोरडा चुरा घशाखाली उतरत नाही आणि मग माणूस रोडग्यांनाच नावं ठेवतो. तूप मुरलं की वरण, आणि बाजूला भाजी.

आता महिना. पावसाळ्यात गोवऱ्या दमट असतात. वैशाखात जगऱ्यापाशी बसवत नाही, आणि वाळलेल्या धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, विस्तव करणं धोक्याचंही असतं. मार्गशीर्ष ते माघ हा रोडग्यांचा काळ, आणि पौष त्यातला उत्तम. वांगी भरात असतात, कापसाच्या वेचणीतून थोडी उसंत मिळालेली असते, उन्हात बसावंसं वाटतं. याच दिवसांत गावोगावच्या देवळांत आणि शेतांत रोडग्यांच्या पंगती होतात.

गाव निवडायचं असेल आणि ओळखीचं कोणी नसेल, तर बहिरमला जा. अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी हे ठिकाण आहे. २० डिसेंबरला तिथली यात्रा सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. टेकडीवर बहिरमबाबाचं देऊळ, खाली दुकानं, पाळणे, राहुट्या. पण लांबून माणसं येतात ती मातीच्या हंडीत शिजलेल्या मटणासाठी आणि सोबतच्या रोडग्यांसाठी. मटण न खाणाऱ्यांसाठी वांग्याची भाजी आहेच. शक्यतो रविवार टाळा, त्या दिवशी गर्दी उसळते आणि गर्दीत घाईने भाजलेला रोडगा हाती येतो. मधल्या वारी, दुपार व्हायच्या आत पोचा. आणि स्वेटर विसरू नका, सूर्य डोंगराआड गेला की थंडी झोंबते.

ज्यांचा गोतावळा गावात आहे त्यांना मात्र मी बहिरमच्या आधी शेतावरच पाठवीन. पुण्या-मुंबईला गेलेली आमची मुलं दिवाळीत येतात, नाहीतर मे महिन्यात. मे महिन्यात शेवयांसारखे सरगुंडे आणि आमरस खा, त्या दिवसांचा तो राजा आहे. पण रोडग्यांची आठवण काढत मे महिन्यात मावशीला कामाला लावू नका. त्यापेक्षा दोन दिवसांची रजा जानेवारीसाठी राखून ठेवा.

जानेवारीतच या म्हणण्याला आणखी एक कारण आहे. तुरीच्या शेंगा ओल्या असतात, म्हणजे सोलेभात मिळतो. आणि नशीब असेल तर वाणीच्या ज्वारीचा हुरडा. नशीब म्हणतो, कारण हुरड्याची ज्वारी आता शोधावी लागते. सोयाबीन आणि कापूस वाढला तशी ज्वारी मागे पडली. त्यातच कुठे एकट्यानेच पेरली तर साऱ्या शिवारातली पाखरं आणि रानडुकरं त्याच एका वावरात उतरतात. तरीही कोणी घरापुरते ज्वारीचे चार तास, म्हणजे चार ओळी, टाकतो. अशा शेतकऱ्याकडे आधी फोन करून जा, आणि हुरड्याचे पैसे त्याने मागण्याआधी द्या. आपल्या हौसेसाठी त्याने राखण केलेली असते.

हीच गोष्ट रोडग्यांचीही. कोणाच्या घरी बेत सांगणार असाल तर निदान आठ दिवस आधी सांगा. गोवऱ्या साठवाव्या लागतात, दळण आणावं लागतं. तूप, वांगी, डाळ आपण घेऊन जावं. जिच्या घरी जाता त्या बाईला पाऱ्या लाटायला एकटं सोडू नका.

संत्र्यांसाठी येणाऱ्यांना जाता जाता एकच सांगतो. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. डिसेंबरच्या शेवटी बहिरमला निघालात तर वरूड-मोर्शीकडून वाट काढा, आंबियाची उरलीसुरली संत्री बागेपाशी मिळू शकतात. आणि सेवाग्रामला जाणार असाल तर वर्ध्यातून गोरस पाक हा बिस्किटासारखा पदार्थ घ्या, तो बाराही महिने मिळतो आणि प्रवासात टिकतो.

रोडगेही टिकतात, बरं का. उरलेले न चुरता तसेच फडक्यात बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळाचा खडा आणि तूप घालून कुस्करले की गाडीत बसल्या बसल्या न्याहारी होते.

धन्यवाद.