टॅगला चोर दिसत नाही

[दृश्य: तळहातावर एक पांढरी-चंदेरी चकती. कॅमेरा अगदी जवळ.]

हा अॅपलचा एअरटॅग, हरवलेली वस्तू शोधून देणारा टॅग: कोटाच्या मोठ्या बटणाएवढी चकती, वजन ११ ग्रॅम. चकचकीत झाकण दाबून डावीकडे फिरवलं की आत चपटा, नाण्यासारखा सेल दिसतो. त्या एका सेलवर ती वर्षभर चालते. हिच्यात जीपीएस नाही, सिमकार्डही नाही. आपण कुठे आहोत हे तिला स्वतःला ठाऊकच नसतं. ती नुसती ब्लूटूथवर हाका मारत राहते. आसपासचा एखादा आयफोन ती हाक ऐकतो, स्वतःचं ठिकाण कुलूपबंद करून तिच्या नावाने अॅपलकडे पाठवून देतो. कुलपाची किल्ली फक्त चकतीच्या मालकाकडे. ज्याच्या फोनने हे टपाल पोचवलं, त्याला पत्ताही लागत नाही.

अॅपलने हा एअरटॅग ३० एप्रिल २०२१ला बाजारात आणला. कल्पना जुनीच होती. टाइल नावाची कंपनी असले टॅग आधीपासून विकत होती. फरक पडला तो हाका ऐकणाऱ्या कोट्यवधी फोनांमुळे. किल्ल्या कुठे ठेवल्या हे विसरणाऱ्यांसाठी केलेली ही वस्तू लोकांनी सायकलच्या सीटखाली लपवली, गाडीच्या डिकीत टाकली. आणि काहींनी दुसऱ्याच कुणाच्या गाडीत टाकली, पर्सच्या अस्तरात सरकवली.

[दृश्य: अंधारात पर्सचं आतलं अस्तर. दूर रस्त्याचा आवाज.]

आता क्षणभर टॅगच्या जागी बसून बघा. मालक जवळ नाही. आपण हलतोय. कधीपासून एकच अनोळखी फोन आपल्यासोबत आहे. ही झाली चोरलेल्या सायकलची गोष्ट. आणि एक शब्दही न बदलता, हीच पाळत ठेवलेल्या बाईचीही गोष्ट. टॅगला दोन्ही सारख्याच. बाईला सावध करायचं तर चोरही सावध होणार, आणि चोराला अंधारात ठेवायचं तर तीही अंधारातच राहणार.

सुरुवातीला एअरटॅग मालकापासून दुरावला की तीन दिवसांनी वाजायचा. तीन दिवस! तेवढ्यात माणसाचं घर, ऑफिस, मुलांची शाळा, रात्री परतायची वाट, सगळं कळून चुकतं. जून २०२१मध्ये ही मुदत ८ ते २४ तासांवर आणली. आयफोनवाल्यांना स्क्रीनवर इशाराही मिळायचा, पण अँड्रॉइडवाल्यांना डिसेंबर २०२१मध्ये जे अॅप मिळालं, ते स्वतः उघडून शोध घ्यावा लागे. शंका आलेलं माणूस शोध घेईल. ज्याला शंकाच नाही तो कशाला उघडेल? २०२२च्या सुरुवातीला तर स्पीकर मुका केलेले एअरटॅग ऑनलाइन विक्रीला दिसू लागले.

[दृश्य: फोनचा स्क्रीन. नकाशावर लाल ठिपक्यांची माळ.]

हा इशारा कसा दिसतो बघा. 'एक एअरटॅग तुमच्यासोबत फिरतोय.' खाली नकाशा, त्यावर लाल ठिपके. प्रत्येक ठिपका ओळखीचा. इथे भाजी घेतली, इथे थांबून फोन केला, इथे मैत्रिणीकडे गेलो. आपलाच दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊन परत आलेला.

चोराच्या फोनवरही हाच नकाशा येतो. तो टॅग काढून गटारात टाकतो आणि सायकल घेऊन चालू लागतो.

सायकलवाल्यांची ही तक्रार टाइलने मनावर घेतली. फेब्रुवारी २०२३मध्ये त्यांनी चोरीविरोधी मोड आणला. तो चालू केला की टाइलच्याच अॅपमधल्या शोधातूनही टॅग गायब होतो. त्यासाठी सरकारी ओळखपत्र आणि चेहऱ्याची पडताळणी द्यायची, शिवाय पाळत ठेवल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर १० लाख डॉलर दंड भरायचं कबूल करायचं. आकडा दणदणीत आहे. पण दंड व्हायला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, गुन्हा सिद्ध व्हायला टॅग सापडावा लागतो, आणि टॅग सापडू नये म्हणूनच तर हा मोड!

त्याच वर्षी ३० एप्रिलला न्यूयॉर्कचे महापौर एरिक अॅडम्स यांनी लोकांना गाडीत एअरटॅग लपवायला सांगितलं, आणि ५०० टॅग फुकट वाटायची घोषणा केली. बरोबर दोन दिवसांनी अॅपल आणि गूगल, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन कंपन्या, एक सामाईक मसुदा घेऊन आल्या: कुठल्याही कंपनीचा टॅग असो, दोन्हीकडच्या फोनांना तो ओळखता आला पाहिजे. या मसुद्याप्रमाणे दोन्हीकडच्या फोनांवर इशारे सुरू व्हायला मे २०२४ उजाडला.

[दृश्य: पडद्यावर आकड्यांची ओळ, दर काही सेकंदांनी बदलणारी.]

मसुद्यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. टॅग हाक मारतो ती टोपणनावाने. नाव एकच राहिलं तर त्या नावाचा माग काढत कुणीही त्याच्या मालकाचा पाठलाग करेल. म्हणून मालक जवळ असताना हे नाव दर १५ मिनिटांनी बदलतं. पण मालक दुरावला की तेच नाव २४ तास राहतं, कारण नाव भराभर बदललं तर आपल्यामागे एकच टॅग आहे की वेगवेगळे शंभर, हे फोनला कळणार कसं? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक युक्ती सुचवली आहे. नाव भराभर बदलूच द्यायचं, पण प्रत्येक हाकेत कोड्याचा एक तुकडा ठेवायचा. जाता जाता दोन-चार तुकडे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तासभर सोबत राहिलेल्या फोनकडे मात्र पुरेसे तुकडे जमतात आणि कोडं सुटतं.

गूगलने वेगळा रस्ता धरला. एप्रिल २०२४मध्ये सुरू झालेल्या, टॅगच्या हाका ऐकणाऱ्या अँड्रॉइड फोनांच्या त्यांच्या जाळ्यात, तुम्ही सेटिंग बदललं नाही तर, एकट्यादुकट्या फोनने ऐकलेलं ठिकाण दाखवतच नाहीत. अनेक फोनांनी ऐकलं तरच नकाशावर खूण उमटते. त्यामुळे एकाकी घरापर्यंतचा माग अवघड झाला, आणि निर्जन रस्त्यावर पडलेली बॅग सापडणंही. माझं मत विचाराल तर हा तोटा सोसावा. सायकल दुसरी घेता येते.

पण या सगळ्या इशाऱ्यांचं गणित एकाच गृहीतावर उभं आहे: पाळत ठेवणारा दूर आहे. तो एकाच छपराखाली राहत असेल तर? रोज संध्याकाळी टॅग मालकाजवळ येतो, आणि त्याच्या लेखी दुरावाच संपतो. नवऱ्याने बायकोच्या गाडीत ठेवलेला टॅग एखाद्या घरगुती किल्लीसारखा वागतो. यावर अजून कुणाकडे धड उत्तर नाही.

[दृश्य: गाडीच्या सीटखाली चाचपणारा हात. हातात चकती.]

टॅग सापडला की पहिली ऊर्मी होते ती सेल काढायची. जरा थांबा. चकतीची पांढरी बाजू फोनला टेकवली की तिचा सिरीयल क्रमांक आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. त्यांचा फोटो काढून ठेवा. त्या क्रमांकावरून, कायदेशीर मागणी आली तर, अॅपल खात्याची माहिती पोलिसांना देऊ शकतं. घरातलंच कुणी असल्याची शंका असेल, तर आधी विश्वासातल्या माणसाशी बोला.

आणि झाकण कुठे उघडायचं तेही ठरवा. सेल निघाला की पाळत ठेवणाऱ्याच्या नकाशावरचा ठिपका थिजतो. हाका थांबण्याआधीची जी जागा असेल, तीच त्याला शेवटची म्हणून दिसत राहते. ती तुमच्या घराची नको. पोलीस ठाण्याची असली तर उत्तम.

[दृश्य: झाकण डावीकडे फिरतं. सेल तळहातावर पडतो.]