काथ्याने शिवलेली फळी

जुन्या वस्तूंतून घडत असलेल्या या शिल्पात समोर दिसते ती रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीच्या, होडीची फळी आहे. तिच्या कडेने ओळीने पाडलेली भोके काथ्याच्या दोरीसाठी आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावर अशा होड्यांच्या फळ्या एकमेकींना शिवल्या जात. त्यामुळे लाटेचा मार बसला की सांधा किंचित हलत असे आणि होडी तग धरत असे. दोरी केव्हाच कुजून गेली, पण ती जिथे घासली तिथे लाकूड अजून गुळगुळीत आहे. शिल्पकाराने फळीला रंधा लावलेला नाही. मिठाने आणि हातांनी केलेले हे काम पुसले, तर उरलेले लाकूड कोणत्याही वखारीत मिळेल.

फळीवर आता जुन्या घराच्या खिडकीची चौकट बसवली जात आहे. काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे, अर्धपारदर्शक पापुद्रे चौकोनी कापून ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवण्याची रीत गोव्यातील घरांत होती. चौकटीतले सहा खण रिकामे आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत. भरलेल्या खणांतून ऊन दुधासारखे गाळून येते, रिकाम्यांतून ते थेट जमिनीवर पडते, आणि आमच्या दृष्टीने या शिल्पाचा सर्वांत बोलका भाग तोच आहे.

भट्टीत तापते आहे ती बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. ती कापून, ऐरणीवर ठोकत ठोकत आत वळवली जाते. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी, पणसायमळ येथे १९९३ साली प्रकाशात आलेल्या कातळशिल्पांत एकात एक फिरत जाणारी वर्तुळाकार आकृती जांभ्यावर कोरलेली आहे. ही वळणे तिथून आली आहेत. त्या आकृतीचा नेमका अर्थ सांगणारे आज कोणी नाही, तरीही तिच्यापुढे माणूस थबकतो. पिकासोने १९४२ साली सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके घडवले, तेव्हा वस्तूंना ओळखीचा चेहरा मिळाला. इथे तसा चेहरा मुद्दाम टाळला आहे, कारण तो मिळताच फळी, खिडकी आणि धाव या तिघींची आठवण मागे पडली असती.

खिडकीचे घर पाडले गेले. होडीच्या जागी फायबरची होडी आली.

जांभ्याच्या चिऱ्यावर फळी उभी करताना, वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेली तिची बाजू, कवचांच्या पांढऱ्या ठशांसह, पाहणाऱ्याकडे वळवली आहे.