गोडबोले झालेला इंग्रज नट

नमस्कार श्रोतेहो.

गोडबोले म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी ओळखीचं येतं. शाळेतले मास्तर, बँकेतले साहेब, शेजारच्या वाड्यातल्या काकू. १९८४ साली 'अ पॅसेज टु इंडिया' या चित्रपटात असेच एक प्राध्यापक गोडबोले पडद्यावर आले. ती भूमिका केली होती लंडनमध्ये जन्मलेल्या, सत्तरीला आलेल्या एका इंग्रज नटानं. त्यांचं नाव सर अ‍ॅलेक गिनेस. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. त्या गोडबोल्यांकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण त्या भूमिकेची एक रुखरुख माझ्या मनात आहे.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ चा. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती. वडील नेमके कोण, हे त्यांना जन्मभर खात्रीनं कळलं नाही. आईचं बिऱ्हाड सारखं बदलत असे. भाडं थकलं की सामान उचलायचं आणि दुसरीकडे जायचं. ज्याला स्वतःचं नाव पक्कं नव्हतं तो दुसऱ्यांची रूपं घेण्यात रमला, असं त्यांच्याबद्दल म्हणायचा मोह होतो. मला हे उत्तर फार सोपं वाटतं. अशी पोरकी मुलं लंडनमध्ये पुष्कळ होती, आणि त्या सगळ्यांचे काही नट झाले नाहीत.

शाळा संपल्यावर त्यांनी एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी धरली. डोक्यात मात्र नाटकच. धीर करून त्यांनी जॉन गिलगुड यांनाच गाठलं. गिलगुड म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव! त्यांनी या मुलाला मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकायला पाठवलं. १९३४ साली, बरोबर विसाव्या वाढदिवशी, अ‍ॅलेक पहिल्यांदा व्यावसायिक रंगमंचावर उभा राहिला. त्याच वर्षी गिलगुड यांनी आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्याला ऑस्रिकची छोटी भूमिका दिली. हातात पैसा नव्हता, जेवणाची पंचाईत होती. गिलगुड यांनी नोटा पुढे केल्या, तर त्या त्यानं घेतल्या नाहीत.

पुढे डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाटक गिनेस यांनी स्वतः रचलं आणि १९३९ मध्ये ते रंगमंचावर आलं. त्यात मिस हॅविशॅम कोण होत्या, ठाऊक आहे? त्याच मार्टिटा हंट. हे नाटक दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी पाहिलं आणि त्यांच्या मनात घर करून राहिलं. मध्ये महायुद्ध आलं. गिनेस नौदलात गेले, १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या एका नौकेचे कप्तान होते. युद्ध संपल्यावर लीन यांनी त्या कादंबरीवर चित्रपट काढला, आणि गुरू-शिष्य नाटकातल्याच आपापल्या भूमिकांत पुन्हा एकत्र आले. इथून गिनेस यांची पडद्यावरची कारकीर्द खरी सुरू झाली.

आता एका दृश्याबद्दल जरा सावकाश सांगतो. १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'. एका उमराव घराण्यातले वारस एकामागून एक मारले जातात, अशी गोष्ट. गिनेस यांना त्यातल्या चार भूमिका देऊ केल्या होत्या. त्यांनी तार केली: चारच का, आठ का नाहीत? आणि आठही केल्या, त्यात एक बाईसुद्धा. एका प्रसंगी चर्चमध्ये त्या घराण्यातली सहा माणसं एकाच चौकटीत दिसतात. तेव्हा संगणक नव्हता. कॅमेरा जागेवर पक्का बसवायचा, भिंगासमोर झापा लावून फिल्मचा एवढासाच भाग उघडा ठेवायचा आणि एक माणूस टिपायचा. मग फिल्म मागे गुंडाळायची, गिनेस यांचा वेश आणि रंगभूषा बदलायची, दुसरी झाप उघडायची. असं सहा वेळा, काही दिवस चाललेलं. कॅमेरा केसभर हलला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम रात्री कॅमेऱ्याजवळच झोपत असत. आज ते दृश्य पाहताना लक्षात येतं की सहाही जणांची बसण्याची ढब निराळी आहे. मिशा आणि टोप रंगपटातून मिळतात हो, बसण्याची ढब कुठून आणणार?

भूमिकेची चाल सापडली की माणूस सापडला, असं गिनेस मानत. १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये ते कर्नल निकल्सन झाले. जपान्यांच्या कैदेत पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत दिवसेंदिवस कोंडलेला हा अधिकारी बाहेर येतो. पाय साथ देत नाहीत, गुडघे दुमडतात, तरी पाठ ताठ ठेवून तो चालत जातो. ती चाल कुठून आली? गिनेस यांचा मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओनं आजारी पडला होता, कमरेखाली लुळा झाला होता. बरा होताना तो जसा पाऊल टाकायचा, तशी ही चाल. हे ठाऊक झाल्यापासून मला ते दृश्य सरळ पाहवत नाही. मुलाच्या त्याच दुखण्यात गिनेस घरी जाताना वाटेतल्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसायचे. १९५६ मध्ये त्यांनी तो पंथ स्वीकारला. निकल्सनच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, १९५९ मध्ये 'सर' हा किताबही.

'स्टार वॉर्स'मुळे जगभरची मुलं त्यांना ओळखू लागली आणि नफ्यातल्या वाट्यानं म्हातारपणाची चिंता मिटली. त्या प्रसिद्धीत त्यांचा जीव मात्र कधी रमला नाही.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम छोट्या पडद्यावरचं आहे. १९७९ ची बीबीसीची सात भागांची मालिका 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. त्यात ते जॉर्ज स्मायली, निवृत्त गुप्तहेर. तयारी म्हणून लेखक जॉन ल कॅरे यांनी त्यांची ब्रिटिश हेरखात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याशी जेवणाच्या निमित्तानं गाठ घालून दिली. ओल्डफिल्ड उठून गेले, तेव्हा ते रस्त्यानं कसे चालत जातात हे गिनेस निरखत राहिले. पुन्हा तीच चाल! मालिकेत स्मायली फारसं काही करत नाहीत. समोरचा बोलत असतो, हे ऐकत असतात. चष्मा काढतात, पुसतात, परत चढवतात. तेवढ्यात समोरच्यानं नको ते बोलून टाकलेलं असतं. इथे खोटं नाक नाही, रंग नाही, टोप नाही.

आणि आता माझी रुखरुख. गिनेस यांच्या वेशांतरानं दोनदा माणसं दुखावली. १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये भलंमोठं खोटं नाक लावून ते ज्यू फॅगिन झाले. लाखो ज्यूंची कत्तल होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, अमेरिकेत तो चित्रपट १९५१ पर्यंत अडला आणि काटछाट होऊनच लागला. दुसरी वेळ गोडबोल्यांची.

हा चित्रपट ज्यावरून काढला त्या ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीतले नारायण गोडबोले दक्षिणी ब्राह्मण आहेत. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि कादंबरीत उतरवली. गोडबोले तिथे देवापुढे नाचतात, गातात, आणि तो गजर आहे तुकारामाचा. आपल्या तुकोबांचा! या माणसासाठी आपल्या रंगभूमीवर तेव्हा एकाहून एक नट होते. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ होते. मग गोडबोल्यांसाठीच एका इंग्रजाचा चेहरा सावळा का करावा लागला? लीन यांच्याबरोबरचा हा सहावा चित्रपट, जुना स्नेह, हे समजतं. पण ऐकताना आपला कान लगेच सांगतो की हे आपल्याकडचं बोलणं नव्हे. चाल सापडण्यासाठी त्यांनी आयुष्यभर माणसं निरखली. हा माणूस त्यांनी पुरेसा पाहिलेला नव्हता. गोडबोल्यांच्या नाचाची तालीमही त्यांनी कसून केली होती. लीन यांनी तो संकलनात काढून टाकला आणि गिनेस फार दुखावले.

५ ऑगस्ट २००० रोजी ते गेले. पत्नी मेरुला, १९३८ पासूनची सोबत, दोनच महिन्यांनी त्यांच्यामागून गेल्या.

तो चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिला. गोष्टीतल्या वयस्क इंग्रज बाई, मिसेस मूर, हिंदुस्थान सोडून निघाल्या आहेत, रात्रीची गाडी सुटते. फलाटावर गोडबोले उभे आहेत. एक शब्द नाही. ते दोन्ही हात उंच करून निरोप देतात आणि गाडी पुढे जाते. तेवढ्यापुरतं मी सावळा रंग विसरलो, उच्चार विसरलो, आणि गाडी गेल्यावरही त्या हातांकडे पाहत राहिलो.

नमस्कार.